बर्फाच्या मापाची कमान

कृष्णात घाडगेनं कॅनडात जे जे बांधलं ते एका रांगेत ठेवलं असतं, तर ती रांग उंब्रजच्या फाट्यावरून निघून कराड ओलांडून गेली असती. विमानं ठेवायच्या वखारी, गव्हाची कोठारं, दोन पूल, आणि बर्फावर घसरत हॉकी खेळणाऱ्यांच्या डोक्यावरचं एक भलंमोठं छप्पर. कॅलगरी शहरात 'कृष्णा स्टील' हे नाव क्रेनवर, ट्रकवर आणि तीनशे माणसांच्या हेल्मेटांवर होतं. तिकडच्या लोकांना वाटायचं, कृष्णा हे मालकाच्या आईचं नाव असावं. नदीचं आहे म्हटल्यावर ते आणखीच आदरानं बघायचे.

एवढं सगळं होतं, पण एका माणसाला त्याचं काडीचं अप्रूप नव्हतं. तो माणूस म्हणजे कृष्णातचे वडील, सुभेदार नानासो घाडगे, निवृत्त, मुक्काम सोनबावाडी.

सुभेदार वाईट माणूस नव्हते. कौतुकाचा शब्द रेशनवर मिळाल्यासारखा जपून वापरायचे, एवढंच. त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे 'ठीक हाय', आणि गावाच्या आठवणीत ती त्यांनी दोनदाच दिली होती. एकदा, एकाहत्तरची लढाई करून घरी आल्यावर बायकोनं, शालूबाईंनी, "आवं, कसं झालं?" म्हणून विचारलं तेव्हा. आणि दुसऱ्यांदा, घरच्या जर्सी गाईनं एका दिवसात अठरा लिटर दूध दिलं तेव्हा. त्याच्या एक पायरी खाली 'बरं हाय' होतं, ते वर्षा-दोन वर्षांतून एखाद्याला मिळायचं. कृष्णात सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिला आला तेव्हा त्याच्या वाट्याला नुसतं "हं" आलं. पोरानं फौजेत जावं अशी सुभेदारांची इच्छा होती, आणि पोरगं पट्टी-पेन्सिल घेऊन बसलं होतं.

पुढं कृष्णात कॅनडाला गेला. तिकडं त्याची डिग्री कुणी विचारली नाही. हातात पाना दिला आणि वजा तीस अंशांत शिडीवर चढवून बोल्ट आवळायला लावले. चार हिवाळे त्यानं बोल्ट आवळले. मग एका शेतकऱ्याचा गोठा बर्फाच्या ओझ्यानं खाली बसला. नवा बांधायला तीन कंपन्यांची माणसं आली, टेप लावून मापं घेऊन गेली. कृष्णात आला आणि आधी गाईंमध्ये शिरला. "ही उद्या सकाळपर्यंत विणार," म्हणाला. गाय पहाटेच व्यायली, आणि काम कृष्णातला मिळालं. त्या गोठ्यातून कंपनी उभी राहिली. कंपनीच्या सगळ्या इतिहासात सुभेदारांना रस वाटला तो एवढ्याच भागात. "दूध किती द्यायची ती?" त्यांनी फोनवर विचारलं होतं.

बाकी फोटो दाखवले की ते चष्मा लावून बघायचे आणि म्हणायचे, "ह्यात तू कुटं हायस?"

"मी न्हाई आबा, हे मी बांधलंय."

"फोटूत काय बी दाखवत्यात," सुभेदार चष्मा काढायचे. कॅनडाला चला म्हटलं तर, "लोखंड बघायला इमानात बसू व्हय? हितं काय कमी लोखंड हाय?"

कृष्णात पंचावन्न वर्षांचा झाला होता. त्याच्या सहीशिवाय तिकडं क्रेन हलत नव्हती. पण वर्षातून एकदा गावी आला की तो परत निकालाचं कार्ड हातात धरून दारात उभा असलेला पोरगा व्हायचा, आणि याचा त्याला मनापासून राग यायचा. शेवटी त्यानं ठरवलं, आबा लोखंडाकडं येत नाहीत, तर लोखंड आबांकडं न्यायचं. त्यांना रोज, हटकून दिसेल अशा जागी काहीतरी बांधायचं.

जागा शोधावी लागली नाही. सुभेदार रोज दुपारी चारला गावच्या फाट्यावर जायचे आणि तिथल्या बाकड्यावर पाठ ताठ करून बसायचे. साडेपाचची कराड एसटी गेली की घरी. निवृत्तीपासून ही ड्यूटी त्यांनी चुकवली नव्हती. त्या बाकड्यासमोर गावात जायचा रस्ता सुरू होत होता, आणि त्या रस्त्यावर सोनबावाडीला कमान नव्हती. आजूबाजूच्या दहा गावांना होती. ग्रामपंचायतीनं ठराव एका मिनिटात मंजूर केला.

नकाशा कॅलगरीच्या ऑफिसात निघाला. कंपनीतल्या सगळ्यात हुशार इंजिनिअरनं तो काढला, कृष्णातनं सही केली. कमानीचे भाग सांगलीजवळच्या एका कारखान्यात तयार करायला दिले. फाट्यावरचं काम बघायला गुंडा होता. गुंडा हा कृष्णातचा शाळेतला जोडीदार, उंब्रजात त्याचं वेल्डिंगचं दुकान. फाट्यावर एसटीची वाट बघायला पत्र्याची शेड होती, तीही त्यानंच बांधलेली. त्याचा नकाशावर विश्वास नव्हता आणि बोल्टवर तर अजिबातच नव्हता.

कृष्णात मे महिन्यात सुट्टी घेऊन आला तेव्हा पाया खणून तयार होता आणि गुंडा काठावर बसून आत बघत होता.

"किसना, कमान बांधायची का हीर काढायचीय?"

कृष्णातनं वाकून बघितलं. खड्डा आठ फूट होता.

"आनि ह्ये बग," गुंडानं नकाशाची घडी उलगडली आणि काळ्या नखानं एका कोपऱ्यावर टोचलं. "हितं स्नो लिवलंय. स्नो म्हंजी आमची आय तोंडाला लावायची त्योच का?"

कृष्णातनं कागद हातात घेतला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. स्नो म्हणजे बर्फच होता. कमानीवर चार फूट बर्फ साचेल असं धरून सगळे खांब आणि तुळया काढल्या होत्या. कॅनडात हिवाळ्यात जमीन सहा-सहा फूट गोठते, फुगते आणि पाया वर ढकलते, म्हणून तिकडं पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो. तिकडच्या पोरानं सवयीनं तेच केलं होतं, आणि तीस वर्षांच्या सवयीनं कृष्णातनं न बघता सही ठोकली होती. सोनबावाडीत थंडी पडली तर माणसं कानाला मफलर गुंडाळतात. त्यापलीकडं तिथं काही गोठल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"गुंडा, हे कुणाला बोलू नकोस."

"माझ्या तोंडातनं ब्र न्हाई निघायचा गड्या," गुंडा म्हणाला, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या गावाला माहीत झालं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात एकानं कृष्णातला विचारलं, स्वेटर आत्ता घ्यावा का दिवाळीपर्यंत थांबावं? खुद्द शालूबाईंनी ताटात भाकरी वाढता वाढता पदर तोंडाला लावून हसू दाबलं. सुभेदार नुसते जेवत राहिले, आणि कृष्णातला ते सगळ्यात जास्त लागलं.

आता खड्डा बुजवून नवा नकाशा काढायला वेळ नव्हता, कारण सांगलीहून माल निघाला होता. ट्रेलर आला, क्रेन आली, चार दिवसांत कमान उभी राहिली. आणि उभी राहिली तेव्हा कृष्णात लाज विसरला. बर्फाच्या मापाची असली तरी देखणी होती. दोन भरभक्कम खांब, वर एकच लांब वळण, आणि मध्ये कुठं टेकू नाही की जोडाची ओबडधोबड गाठ नाही. संध्याकाळच्या उन्हात ती नुसती बघत बसावी अशी दिसत होती. नेमके त्या आठवड्यात सुभेदारांचे गुडघे धरले होते आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच फाट्यावरची ड्यूटी चुकवून ते घरी होते. बरंच झालं, कृष्णातनं विचार केला. आबा एकदम उद्घाटनालाच बघतील.

उद्घाटनाच्या सकाळी तो फाट्यावर पोचला आणि त्याला कमान सापडेना.

म्हणजे कमान जागेवरच होती, पण या खांबापासून त्या खांबापर्यंत फ्लेक्स होता. पुढून एक, मागून एक, आणि खांबांना उभे दोन. पुढच्या फ्लेक्सवर धैर्यशीलचा चेहरा होता, बैलगाडीच्या चाकाएवढा. धैर्यशील हा सरपंचांचा पुतण्या आणि गावचा युवा नेता. त्याच्या शेजारी कृष्णातचा पासपोर्टवरचा फोटो होता. त्या फोटोच्या डोक्यावर गुलाबी फेटा आणि गळ्यात दोन पदरी सोन्याची चेन उंब्रजच्या फ्लेक्सवाल्यानं आपल्या पदरची घातली होती. 'सातासमुद्रापार गावाचा झेंडा रोवणारे उद्योगरत्न' असं खाली लिहिलं होतं. त्याखाली शुभेच्छुकांची त्रेचाळीस तोंडं, त्यातली निम्मी काळ्या चष्म्यात. कृष्णातनं वीस टन लोखंड कॅलगरीहून इंच-इंच आखून उभं केलं होतं, आणि त्यातलं वीतभर दिसत नव्हतं.

"कसं वाटतंय दादा?" धैर्यशीलनं मोठ्या प्रेमानं विचारलं. "रातभर जागून पोरांनी बांधलंय."

सुभेदार आले. कडक इस्त्रीचा सदरा, छातीवर पदकं, बगलेत काठी. फाट्यावर थांबले, मान वर केली आणि परेडची पाहणी करावी तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. शालूबाईंनी पदराखाली हात जोडले होते.

"फ्लेक्स बरा हाय," सुभेदार म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

तीस वर्षं, तीनशे माणसं आणि दोन पूल यांना जे जमलं नाही ते उंब्रजच्या फ्लेक्सवाल्यानं एका रात्रीत मिळवलं होतं. धैर्यशीलनं भाषणात "बर्फ पडला तरी आपली कमान हलणार नाही" असं ठणकावून सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवून हसून घेतलं. कृष्णातही हसला. न हसून काय करतो?

त्याला वाटलं, आज आहे तर आहे, उद्या काढतील. पण फ्लेक्स लावायला नुसती दोरी लागते, काढायला मात्र पंचायत बसवावी लागते. धैर्यशीलच्या फ्लेक्सला परवाच्या वाढदिवसापर्यंत हात लावायचा नव्हता. मग एक पोरगं फौजेत भरती झालं, त्याचा लागला. मग कुणाच्या तरी आजीचं वर्षश्राद्ध आलं. एक काढला की भावकीतला दुसरा विचारणार, आमचाच का काढला?

कृष्णातला आता वेगळीच काळजी लागली. मे महिना होता, दुपारी ढग जमायला लागले होते, आणि चाळीस फुटी कापड दोन्ही बाजूंनी ताणलेली कमान म्हणजे शिडाचं जहाज झालं होतं. त्यानं गुंडाला गाठलं.

"निदान वारं जायला फ्लेक्सला भोकं तरी पाड."

"फोटूला भोकं?" गुंडा दोन पावलं मागं सरकला. "एकांद्याच्या डोळ्यात पडलं तर खून हुतील गड्या. बर्फ धरलास तसं वारं न्हाई व्हय धरलंस?"

वारं धरलं होतं, पण ते मोकळ्या लोखंडावरचं. जगातल्या कुठल्याही पुस्तकात फ्लेक्स धरलेला नसतो. आणि आपण याच मातीतले असून आपल्याला तो सुचला नाही, याचं कृष्णातला बर्फापेक्षाही वाईट वाटलं.

सुट्टीचे दहा दिवस उरले असताना वळीव आला. पावणेपाचला उजेड पिवळा झाला, शिरगावच्या बाजूनं धुळीची भिंत निघाली, आणि अंगणातले कपडे गोळा करता करता शालूबाई ओरडल्या, "किसना, आरं त्येनी फाट्यावर हायत!"

कृष्णात धावत सुटला. वाटेत गुंडाची मोटरसायकल भेटली, तो मागं बसला. सबंध वाट तो मनात वाऱ्याचा दाब काढत होता. इतके फूट लांब, इतके उंच, दोन्ही बाजूंनी. आयुष्यभर झोपेतही चुकली नसती अशी गणितं त्याला एकही सुटेना. डोळ्यांपुढं सारखी कमान आडवी होत होती, आणि तिच्या खाली बाकडं होतं. देवा, ती मोडू दे, पण त्या बाजूला पडू दे, एवढंच तो म्हणत होता.

फाट्यापाशी मोटरसायकल उभीच राहीना, दोघं उतरून वाकत वाकत पुढं गेले. तेवढ्यात गुंडानं बांधलेल्या एसटीच्या शेडचे पत्रे सुटले आणि पतंगासारखे उडून उसात गेले. गुंडा नुसता बघत राहिला. पुढचा फ्लेक्स फुगला, ताणला, आणि बंदूक सुटावी तसा आवाज होऊन उभा फाटला. मागचा त्याच्या पाठोपाठ गेला. दोन्ही वेळेला कृष्णातनं डोळे मिटले आणि दोन्ही वेळेला उघडले तेव्हा कमान जागेवर होती. साधी थरथरलीसुद्धा नव्हती.

डाव्या खांबाला सुभेदार मिठी मारून उभे होते. टोपी गेली होती. अंगाभोवती अर्धा धैर्यशील गुंडाळला होता.

"आबा!"

"ह्यो कोन माज्या अंगावर पडलाय त्येला काढ आदी," सुभेदार फ्लेक्सच्या आतून म्हणाले.

तिघंही खांबाच्या आडोशाला पाऊस थांबेपर्यंत उभे राहिले. अर्ध्या तासानं वारं पडलं. रस्त्यावर फांद्या होत्या, कौलांचे तुकडे होते, एक विजेचा खांब कमरेत वाकला होता. आणि मध्ये कमान उभी होती, धुऊन निघालेली, अंगावर एक चिंधी नसलेली. सुभेदार तिच्यापासून वीस पावलं लांब गेले आणि वळून बघायला लागले. सगळी, पहिल्यांदाच. मग जवळ येऊन त्यांनी खांबावर काठीनं दोनदा ठोकलं.

"पाया किती खोल हाय?"

"आठ फूट," कृष्णात म्हणाला, आणि ओशाळून पुढं बोलला, "बर्फाच्या हिशोबानं झाला आबा. चुकून."

गुंडा हसला नाही. तो उसात गेलेल्या पत्र्यांकडं बघत होता.

"लेहला आमचा बंकर सा फुटाचा व्हता," सुभेदार म्हणाले. "वर बर्फ, खाली आमी. लय येळा वाटायचं, आज बसतोय डोस्क्यावर. ज्यानं बांदला त्येचं नाव बी म्हाईत न्हाई मला." त्यांनी काठीनं खांब आणखी एकदा ठोकला. "तू हेच करतोस व्हय तिकडं?"

"व्हय आबा. हेच करतो."

"हं," सुभेदार म्हणाले आणि टोपी शोधायला लागले.

कृष्णात वाट बघत राहिला. टोपी सापडली, ती झटकून डोक्यावर गेली, घरापर्यंतची वाट संपली, पण पुढचा शब्द आला नाही. नंतरच्या नऊ दिवसांतही आला नाही. कृष्णातनं स्वतःची समजूत घातली की 'हं' यावेळी जरा लांब होता.

जायच्या दिवशी सकाळी गुंडा पुण्याच्या विमानतळावर सोडायला जीप घेऊन आला. शालूबाईंनी चटणीचे तीन डबे बॅगेत कोंबले आणि तोंडावरून हात फिरवला.

"आबा कुठायत?"

"उजाडायच्या आदीच गेल्यात काटी घिऊन," त्या म्हणाल्या. "काल बी उंब्रजला गेलते एकलंच. इचारलं तर खेकसत्यात."

पाया पडून घ्यायलाही थांबले नाहीत, हे कृष्णातला लागलं. फाटा आला आणि गुंडानं कचकन ब्रेक दाबला.

"बग, परत झाकली की रं कमान!"

या खांबापासून त्या खांबापर्यंत नवा कोरा फ्लेक्स होता. पांढराफेक. त्याच्यावर फेटा नव्हता, चेन नव्हती, शुभेच्छुक नव्हते, एकही फोटो नव्हता. काळ्या ठळक अक्षरांत दोनच ओळी होत्या.

'कमान ठीक आहे.
सुभेदार नानासो घाडगे (निवृत्त).'

कृष्णात खाली उतरला. त्याला पहिली ओळ नीट वाचता आली, दुसरी डोळ्यांत पाणी आल्यानं अंधुक दिसली. सुभेदार बाकड्यावर पाठ ताठ करून बसले होते आणि कराडच्या दिशेनं बघत होते, जशी काही साडेपाचची एसटी सकाळी सातलाच येणार होती.

"आबा," कृष्णात म्हणाला.

"त्यो फ्लेक्सवाला फोटू द्या म्हणून मागं लागला व्हता," सुभेदार एसटीच्या वाटेकडं बघतच बोलले. "म्हटलं, फोटूत काय बी दाखवत्यात."

कृष्णातनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. सुभेदारांनी पाय आखडून घेतले नाहीत. मग ते काठीनं डाव्या खांबाकडं दाखवत म्हणाले, "ती दोरी सैल हाय. मला वाकाया येत न्हाई. तेवडी गाठ मारून जा. वळीव हाय, ह्यो उडता कामा न्हाई."

फ्लेक्सला वारं जायला भोकं नव्हती, आणि मागची कमान कुठून दिसत नव्हती. कृष्णातनं दोरी दोन्ही हातांनी आवळली, खांबाला दोन वेढे दिले, आणि चार हिवाळे बोल्ट आवळलेल्या हातांनी दुहेरी गाठ मारली.